शेवाळावर पेंढ्याचा उतारा : एका जुन्या निरीक्षणाची पार्श्वभूमी

जलाशयातील शेवाळ मारण्यासाठी विसाव्या शतकात सर्वाधिक भरवसा ठेवला गेला तो मोरचुदावर. अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांसाठी ही पद्धत मांडली, आणि स्वस्त व झटपट असल्यामुळे ती रूढ झाली. मात्र मोरचुदातील तांबे नष्ट होत नाही. ते तळाच्या गाळात साचत राहते आणि मासे व इतर जलचरांनाही बाधते. पर्यायांचा शोध सुरू होण्यामागे हे मोठे कारण होते.

वनस्पती आपल्या रसायनांनी शेजारच्या सजीवांवर परिणाम घडवतात, या गोष्टीला हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. पुढे १९४९ मध्ये आर्थर हॅस्लर आणि एलिझाबेथ जोन्स यांनी दाट पाणवनस्पतींच्या तळ्यांत सूक्ष्म शैवाल कमी वाढते, असे दाखवले. अर्थात सावली आणि पोषकद्रव्यांची ओढाताण यांचा वाटा वेगळा काढणे तेव्हाही सोपे नव्हते, आजही नाही.

या विषयाला खरी चालना मिळाली ती बार्लीच्या, म्हणजे जवाच्या, पेंढ्यामुळे. इंग्लंडमधील एका शेतकऱ्याच्या तळ्यात पेंढ्याचे गठ्ठे चुकून पडले आणि पाणी निवळले, अशी हकीकत सांगितली जाते. ती कितपत खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चेस्टरफील्ड कालव्यातील प्रयोगांत कुजणाऱ्या पेंढ्याने तंतुमय शेवाळाची वाढ रोखल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांनीही त्याला दुजोरा दिला.

यातील मर्म कुजण्यात आहे. ताजा पेंढा निरुपयोगी ठरतो. थंड पाण्यात त्याचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तर वीस अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यात एक-दोन आठवडे पुरतात. घट्ट बांधलेला गठ्ठा तसाच पाण्यात टाकला, तर आत प्राणवायू पोहोचत नाही आणि तो नुसता सडून दुर्गंधी सुटते. म्हणून पेंढा मोकळा करून जाळीच्या पिशवीत भरतात आणि पिशवीला तरंगते बांधून तो पृष्ठभागाजवळ ठेवतात. तरीही आधीच माजलेले शेवाळ त्याने मरत नाही, फक्त नवी वाढ खुंटते. लिग्निनच्या, म्हणजे वनस्पतींना ताठपणा देणाऱ्या द्रव्याच्या, विघटनातून तयार होणाऱ्या द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडून शेवाळाची वाढ रोखणारे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते, हे एक स्पष्टीकरण. पेंढ्यातील फिनॉलवर्गीय संयुगेच काम करतात, हे दुसरे. या दुसऱ्या दिशेला २००० मध्ये जपानी संशोधकांच्या कामाने बळ मिळाले. ‘मिरिओफायलम स्पायकॅटम’ ही पाणवनस्पती गॅलिक, एलॅजिक व पायरोगॅलिक आम्ले आणि कॅटेचिन ही फिनॉलवर्गीय संयुगे पाण्यात सोडते, आणि या संयुगांमुळे ‘मायक्रोसिस्टिस’ या विषारी निळ्या-हिरव्या शैवालाची वाढ मंदावते, असे त्यांना आढळले.

सगळ्याच शैवालांवर मात्र हा उतारा सारखा लागू पडत नाही, आणि अनेक तळ्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले आहेत. अमेरिकेत तर पर्यावरण संरक्षण संस्थेकडे शैवालनाशक म्हणून पेंढ्याची नोंदणीच नसल्याने तो त्या नावाने विकता येत नाही.