वॉलहॅला

वॉलहॅला : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील डोंगराळ खेडे. मेलबर्नच्या पूर्वेस सुमारे 180 किमी.वर, स्ट्रिंजर्स क्रीक या ओढ्याच्या अरुंद खोऱ्यात वसलेले. हा गुनाइकुरनाई या मूळ रहिवाशांचा मुलूख. आज गावात कायम राहणारी माणसे वीसच्या आसपास; भरभराटीच्या काळात वस्ती अडीच हजारांवर होती.

1862 च्या अखेरीस एडवर्ड स्ट्रिंजर व त्याच्या साथीदारांना ओढ्यात सोने सापडले. ओढ्यातले सोने लवकर संपते, पण 1863 मध्येच कोहेन्स रीफ ही गारगोटीतील सुवर्णशिरा हाती लागली आणि वस्तीने मूळ धरले. या शिरेवरची लाँग टनेल खाण व्हिक्टोरियातील अतिशय श्रीमंत खाणींपैकी एक. तिच्या शेजारच्या लाँग टनेल एक्स्टेंडेड खाणीत बॉयलर व यंत्रे बसवण्यासाठी डोंगराच्या पोटात प्रचंड दालन कोरले होते. ते आजही आत जाऊन पाहता येते.

गावाला सपाट जागा अशी नव्हतीच. अग्निशमन केंद्र 1901 मध्ये थेट ओढ्यावर, पाणी खालून वाहील अशा बेताने बांधले. दफनभूमी कड्यासारख्या उतारावर आहे. क्रिकेटसाठी तर लोकांनी डोंगरमाथाच सपाट केला, आणि पाहुण्या संघालाही खेळण्याआधी ती खडी चढण चढावी लागे.

वॉलहॅलाच्या इतिहासात सोन्याइतकेच महत्त्व सरपणाला द्यावे लागते. बॉयलरसाठी आसपासचे डोंगर बोडके झाले, लाकूड दरवर्षी अधिक लांबून आणावे लागू लागले आणि खर्च वाढत गेला. मो गावापासून येणारी 762 मिमी. रुंदीची नॅरोगेज रेल्वे हा त्यावरचा उपाय ठरू शकला असता, पण ती पोचली 1910 मध्ये. 1914 पर्यंत मोठ्या खाणी बंद पडल्या. मग लोक गेले, आणि कित्येक घरे मोडून त्यांचे सामानही त्याच गाडीने बाहेर गेले. आज पर्यटकांना दिसणारी हिरवी दाट झाडी बहुतांशी त्यानंतर पुन्हा उगवलेली आहे.

1944 मध्ये गावापर्यंतची रेल्वेही थांबली. थॉमसन नदीचे खोरे ओलांडणारा हा मार्ग पुढे स्वयंसेवकांनी पुन्हा उभारला व 2002 पासून पर्यटक गाडी गावात येऊ लागली. सार्वजनिक वीज मात्र इथे 1998 च्या डिसेंबरात आली.