नोंदणी नसली तरी कथा तुमचीच

नवोदित कथालेखकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: ‘कथेची नोंदणी करा, किंवा ती स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवून पाकीट बंद ठेवा, त्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही.’

कष्टाचं लिखाण कुणी ढापेल ही भीती रास्त आहे, पण सल्ला बरोबर नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा इंटरनेटवर मोफत वाचता येतो. कलम १३ पाहा: स्वतंत्र साहित्यकृतीला संरक्षण आहे, नोंदणीची अट नाही. म्हणजे कथा कागदावर उतरली की हक्क आलाच, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. नुसत्या कल्पनेला मात्र हे संरक्षण नाही. ते तुम्ही केलेल्या मांडणीला आहे.

मग नोंदणी कशाला? वाद कोर्टात गेला, तर कलम ४८ प्रमाणे ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. बंद पाकिटाला कायद्याने असं स्थान दिलेलं नाही. त्यापेक्षा तारखेसह जुने खर्डे आणि संपादकांना पाठवलेल्या ईमेल जपा.

माझ्या मते खरी काळजी करारावर सही करताना घ्यावी. हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरतात.