'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारंच!

इंग्रजी शब्दाआधी 'इन' आलं की अर्थ उलटा, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असं कितीतरी जण आजही समजतात. हे साफ चूक आहे, आणि धोक्याचंही. पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहितात, ते पेट्रोल चटकन पेट घेतं म्हणूनच. हा 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमधल्या 'इनफ्लामारे', म्हणजे पेटवणे, या क्रियापदातून तो आलाय. हा घोळ जीवावर बेतू नये म्हणून अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. अर्थ दोन्हींचा एकच. विरुद्धार्थी शब्द हवा असेल तर 'नॉनफ्लेमेबल'. थिनरच्या डब्यावर 'इनफ्लेमेबल' दिसलं, तर तो शेगडीपासून लांबच ठेवा.