घुंगरांचा वेग आणि काचेचं तोंड

मैत्रिणीच्या मुलीचा कथकचा मंचप्रवेश होता, पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात. "मावशी, फोटो तूच काढायचेस," असं तिनं महिनाभर आधीच बजावलं होतं. रंगीत तालमीला मी कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स लावून बसले. ५५ मिमीवर तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तर तोंड मोठं). आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करून दाखवण्याचा आकडा, ३२००, शटर १/५० सेकंद. अभिनयाचे फोटो बरे आले. चक्करांच्या फोटोंत मात्र चेहऱ्याच्या जागी पट्टा आणि हातांच्या जागी धूर.

लेन्स भाड्यानं आणायची ठरली. पेठेतल्या दुकानदारानं लगेच सांगितलं, "ताई, सेव्हंटी-टू हंड्रेड टू पॉइंट एट घेऊन जा, सगळीकडे चालते." म्हणजे ७० ते २०० मिमीची, एफ २.८ पर्यंत उघडणारी झूम लेन्स. सल्ला वाईट नव्हता. पण लेन्सची निवड दुकानाच्या काउंटरवरून सुरू करू नये, नाचणाऱ्या हातापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

समजा, हात सेकंदाला २ मीटर वेगानं फिरतोय. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात तो ४ सेंमी सरकतो. फोटोत बोटं उरतच नाहीत. १/२०० ला १ सेंमी, १/५०० ला ४ मिमी. प्रेक्षागृहातून काढलेल्या फोटोत ४ मिमीचं सरकणं खुपत नाही. म्हणजे मला १/५०० हवं, आणि त्यात प्रकाश मिळणार दहावा हिस्सा. उरलेला आणायचा कुठून?

आयएसओ वाढवून तो येत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. आयएसओ वाढवला की सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, एकही जादा प्रकाशकण पडत नाही, आलेला संकेत फक्त मोठा करून दाखवला जातो. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर हॉलच्या फरशीकडे बघा. एका फरशीवर सरासरी १०० अक्षता पडल्या असतील, तर बहुतेक फरश्यांवर ९० ते ११० सापडतील. पण मोजक्याच अक्षता उधळल्या आणि सरासरी ९ वर आली, तर कुठे ६, कुठे १२. फरक साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० ला १०, म्हणजे दहा टक्के. ९ ला ३, म्हणजे तेहतीस टक्के. प्रकाशही असाच कणाकणानं, बेहिशेबी पडतो. अंधाऱ्या फोटोत जो ग्रेन, म्हणजे रवाळपणा, दिसतो, त्यातला मोठा भाग या अक्षतांचा असतो, कॅमेऱ्याचा दोष नसतो. उपाय एकच, जास्त अक्षता पडू देणं. त्यासाठी लेन्सचं तोंड मोठं हवं.

एफचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातला मिमीचा आकडा) भागिले तिच्या उघड्या भोकाचा व्यास. म्हणून आकडा लहान तर तोंड मोठं. माझ्या किट लेन्सचं भोक ५५ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम १० मिमी. ८५ मिमी एफ १.८ चं ४७ मिमी, छोट्या वाटीएवढं. २०० मिमी एफ २.८ चं तर ७१ मिमी. तरीही ती ८५ वाली सेन्सरवर जास्त उजेड पाडते, कारण लांबच्या लेन्सला तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरावा लागतो. उजेडाची तुलना करताना एफचाच आकडा बघायचा, आणि त्याचा वर्ग करायचा. ५.६ वरून २.८ वर आलं की प्रकाश चौपट होतो आणि शटर १/५० चं १/२०० होतं. १.८ वर आलं की जवळपास दहापट, म्हणजे १/५००. मला नेमकं हेच हवं होतं.

मोठं तोंड महाग का, तर काचेच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी नीट एकत्र येत नाहीत. तोंड वाढेल तसा हा बिघाड झपाट्यानं वाढतो आणि तो आवरायला काचा वाढवाव्या लागतात. गणितज्ञ जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणित करून एफ ३.६ ची लेन्स रचली, तेव्हा कुठे माणसांना कॅमेऱ्यापुढे मिनिटांऐवजी सेकंदांत मोकळं होता आलं.

आता अंतर. फुल फ्रेम कॅमेऱ्यात चित्राची उंची २४ मिमी असते. माझी जागा रंगमंचापासून १० मीटरवर. २४ गुणिले १०, भागिले ८५. चौकटीत साधारण २.८ मीटर उंची मावते. हात वर करून उभी नर्तकी त्यात आरामात बसते. २०० मिमीला फक्त १.२ मीटर, म्हणजे कमरेपासून वर. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, असेल तर ८५ मध्ये वर गेलेले हात कापले जातील, तिथे ५० मिमी मागा. शेवटच्या रांगेत, २० मीटरवर बसणार असाल तर दुकानदाराचं बरोबर आहे, सेव्हंटी-टू हंड्रेडच घ्या. दीड किलोच्या घरातलं वजन दोन तास हातात राहणार हेही धरून चला.

एफ १.८ ला फोकसची पट्टी फार बारीक होते, अशी भीती घालतात. ग्रीन रूममध्ये २ मीटरवरून मेकअपचे फोटो काढताना ती खरी आहे, ८५ ला जेमतेम ६ सेंमी मिळतात. डोळा स्पष्ट, कानातला झुमका पुसट. १० मीटरवरून तीच पट्टी दीड मीटरची होते. प्रेक्षागृहात बिनधास्त उघडा.

"यात व्हीआर आहे" असं सांगून एफ ४ ची लेन्स कोणी पुढे केली तर घेऊ नका. व्हीआर तुमच्या हाताचा कंप थांबवतं, घुंगरं थांबवत नाही.

दिव्यांचं एक दुखणं लेन्स सोडवू शकत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५०० ला फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. सवाईसारख्या मैफलीत आलाप चालू असताना शटरचा आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावावं, तर हे पट्टे आणखी वाढतात. तालमीलाच दोन फोटो काढून पाहावेत. पट्टे आले तर १/१०० वर उतरायचं आणि समेची वाट बघायची. समेवर अंग क्षणभर थांबतंच.

लेन्स ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं लावून आतून बघा. पुण्याच्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. मला एकदा अशी लेन्स मिळाली होती, काउंटरवरच्या उजेडात चकचकीत दिसणारी. रंगमंचावरचा स्पॉट समोरून आला आणि प्रकाश त्या जाळ्यावर विखुरला. काळा पडदा सगळ्या फोटोंत राखाडी. ते फोटो ज्या मुलाच्या एकांकिकेचे होते, त्याला दाखवताना मला फार वाईट वाटलं.

मंचप्रवेशाला ८५ नेली. शेवटच्या तिहाईतला फोटो आहे. बोटं सुटी सुटी दिसतात, कपाळावरचा घामाचा थेंबही. अंगरख्याचा घेर मात्र कडेला विरघळलाय, तो हातापेक्षा वेगानं फिरत होता. तिला तोच फोटो सगळ्यात आवडला.