तप्त खडकातले पाणी आणि उशिरा लागलेला लाल दिवा

खोल तप्त खडकात दाबाने पाणी सोडून तिथली उष्णता वर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे झाला. त्यानंतर कॉर्नवॉलमध्ये आणि फ्रान्समधील सुल्स येथे झालेल्या कामांतून असे दिसून आले की, ग्रॅनाइट नव्याने फोडण्यापेक्षा त्यातल्या जुन्या भेगा जराशा सरकवून वाहत्या करणे हेच या तंत्राचे खरे स्वरूप आहे. आणि भेग सरकली की भूकंप आलाच, मग तो कितीही सूक्ष्म असो.

स्वित्झर्लंडमधील बासेलची निवड मुळातच वादग्रस्त होती. १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या या शहराच्या हद्दीतच, निर्माण होणारी उष्णता घरोघरी पुरवणे सोपे जावे म्हणून, पाच किलोमीटर खोल विहीर खणण्यात आली. २ डिसेंबर २००६ पासून सहा दिवसांत तिच्यात सुमारे साडेअकरा हजार घनमीटर पाणी सोडले गेले. धक्क्यांची तीव्रता पाहून पंपाचा जोर कमी करायचा किंवा पंप बंद करायचा, अशी वाहतुकीच्या दिव्यांसारखी पद्धत ठरवण्यात आली होती, आणि ती पाळलीही गेली. ८ तारखेला पहाटे २.६ तीव्रतेचा धक्का बसला, दुपारी पंप थांबले आणि सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास स्फोटासारख्या आवाजासह ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. पुढील दोन महिन्यांत तीनहून अधिक तीव्रतेचे आणखी तीन धक्के बसले. घरांच्या गिलाव्याला तडे गेल्याचे दावे लाखो फ्रँकांवर गेले आणि २००९ मध्ये प्रकल्प कायमचा बंद झाला.

दिवा लाल होईपर्यंत दाब खडकात दूरवर पोहोचलेला असतो आणि पंप थांबल्यावरही तो पसरतच राहतो, ही गोष्ट तेव्हा अज्ञात नव्हती. डेन्व्हरजवळ खोल विहिरीत सांडपाणी सोडणे १९६६ च्या आरंभी थांबले, तरी तिथले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील कोयनेचा अनुभव असलेल्या वाचकाला पाणी आणि भूकंप यांचा संबंध निराळा समजावून सांगायला नको. तरीही सारी भिस्त थांबण्याच्या नियमावर ठेवण्यात आली, जागेच्या निवडीवर नाही.

दक्षिण कोरियातील पोहांग येथे हीच उणीव अधिक महागात पडली. एप्रिल २०१७ मध्ये तीनहून अधिक तीव्रतेचा धक्का बसूनही काम पुढे चालू राहिले. सप्टेंबरमध्ये पाणी सोडणे थांबले आणि १५ नोव्हेंबरला ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. शंभराहून अधिक लोक जखमी झाले, देशभरातील विद्यापीठ प्रवेश परीक्षा आठवडाभर पुढे ढकलावी लागली. सोडलेले एकूण पाणी बासेलपेक्षा फारसे जास्त नव्हते. मात्र विहिरीने आधीच ताणाखाली असलेला, कोणी नोंद न केलेला भ्रंश, म्हणजे खडक जिच्या बाजूने सरकतात ती मोठी भेग, गाठला होता. हा भूकंप प्रकल्पामुळेच घडल्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये अधिकृत चौकशीने काढला.

हेलसिंकीजवळ २०१८ मध्ये सहा किलोमीटर खोलीवर सुमारे अठरा हजार घनमीटर पाणी सोडले गेले, तेव्हा मर्यादा गाठली जाण्याची वाट न पाहता धक्क्यांच्या ताज्या नोंदींनुसार पंपाचा जोर सतत बदलण्यात आला आणि मध्ये विश्रांतीही देण्यात आली. २.१ ही थांबण्याची मर्यादा होती. सर्वांत मोठा धक्का १.९ चा होता.