चित्रनकाशे, युद्धप्रचारातील

देशाचे खनिज, तेल, धान्य व कारखाने चित्रचिन्हांनी दाखवून लोकांचे मनोधैर्य टिकविण्यासाठी किंवा तटस्थ राष्ट्रांना वळविण्यासाठी काढलेले नकाशे.

त्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ही परंपरा मिखाएल आइट्सिंगरच्या सिंहाकृती नेदर्लंड्सच्या नकाशापर्यंत (१५८३), तर काही पॉल हादोलच्या यूरोपच्या व्यंग्यनकाशापर्यंत (१८७०) नेतात. तथापि त्यांत देश प्राणी वा माणूस होऊन येतो. संपत्तीचा हिशेब नसतो. त्यामुळे मूळ शालेय आर्थिक नकाशांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. लूई ओपनहाइमच्या जर्मन भित्तिपत्रकात (१९१९) हा हिशेब स्पष्ट दिसतो : पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता-अटींमुळे जर्मनीचा एक-तृतीयांश दगडी कोळसा आणि चार-पंचमांश लोहखनिज जाणार, असे त्यावर ठळक छापले होते. म्हणजे वैभवाइतकीच हानीही या नकाशांचा विषय होती. १९४० मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या एका जर्मन प्रचारपत्रिकेने लहानशा जर्मनीशेजारी अवाढव्य ब्रिटिश साम्राज्य मांडले, तेही अमेरिकी वाचकांसाठी.

दिशाभूल बहुधा खोट्या आकड्यांपेक्षा चिन्हाच्या आकारातून होते. उत्पादन दुप्पट म्हणून पिंपाची उंची व रुंदी दुप्पट केली, तर कागदावरचे क्षेत्रफळ चौपट होते. पिंप घनाकृती रेखाटले, तर सुचविले जाणारे आकारमान आठपट. ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराटने १९२५ पासून व्हिएन्नात विकसित केलेल्या चित्रसांख्यिकीचा (आकडेवारी चित्रचिन्हांनी मांडण्याच्या पद्धतीचा) नियम म्हणूनच महत्त्वाचा : चिन्ह मोठे करू नये, एकाच मापाची चिन्हे संख्येने वाढवावीत. प्रचारकांनी तो पुष्कळदा पाळला नाही.

प्रक्षेपणानेही (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्याच्या पद्धतीनेही) फरक पडतो. मर्केटर प्रक्षेपणात ६०° अक्षांशावर क्षेत्रफळ विषुववृत्ताच्या तुलनेत चौपट दिसते. कॅनडा वा सोव्हिएट संघाच्या उत्तर भागात चिन्हांना ऐसपैस जागा मिळते. कथिल आणि रबराने समृद्ध मलायात (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) ती मावत नाहीत, मग समुद्रात काढून रेषेने जोडावी लागतात. चिन्हांच्या सूचीत एकक नसेल, तर भूगर्भातील साठा, वार्षिक उत्पादन आणि आयात एकाच चिन्हाखाली येतात. न खणलेला कोळसा भट्टीत पडत नाही. तरीही नकाशात तो खाणीतून निघालेल्या कोळशासारखाच काळा दिसतो.

ब्रिटनमध्ये मॅकडोनल्ड गिलचा चहाविषयक जागतिक चित्रनकाशा (१९४०) गाजला. प्रत्यक्षात मात्र जुलै १९४० पासून तेथे चहाचे रेशन माणशी आठवड्याला २ औंस (सु. ५७ ग्रॅ.) होते.