स्लाइसचा उपाय स्लाइस वाढवतो, तो कसा?

हौशी गोल्फरला सर्वांत जास्त छळणारा फटका म्हणजे स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बरा निघतो, मग हवेत उजवीकडे वळत वळत झाडीत शिरतो. चेंडू उजवीकडे जातोय ना, मग क्लब (चेंडू मारायची काठी) थोडा डावीकडे ओढून मारू, असा विचार कुणालाही सुचेल. तसं मारलं की चेंडू आधीपेक्षा जास्त वळतो. खेळाडू वैतागतो आणि आणखी डावीकडे ओढतो.

क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. ताशी १४५ किलोमीटर वेगाने आलेलं ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं तेवढ्या वेळात जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतं. डोळ्याने काही टिपून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला याच्या शेकडो पट वेळ लागतो, त्यामुळे ऐनवेळी मनगट फिरवून फटका सावरता येत नाही. चेंडूला फक्त त्या क्षणाची स्थिती कळते: फेसचं, म्हणजे क्लबच्या चेंडूला भिडणाऱ्या बाजूचं, तोंड कुठे होतं, क्लब कोणत्या दिशेने चालला होता, वेग किती होता आणि आघात फेसच्या कोणत्या भागावर झाला.

चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरच्या बाबतीत त्याचा वाटा सुमारे ८० टक्के, किंबहुना थोडा जास्तच असतो. पुढे हवेत तो किती वळणार हे फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. मार्ग फेसच्या डावीकडे असेल तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. क्लब डावीकडे ओढला की मार्ग आणखी डावीकडे जातो, फेससोबतचा फरक वाढतो, वळणही वाढतं. अनेक वर्षं याच्या बरोबर उलट शिकवलं जायचं, की सुरुवातीची दिशा मार्ग देतो आणि वळण फेस देतो. रडारने चेंडूचं उड्डाण मोजणारी यंत्रं आली तेव्हा ही समजूत मागे पडली. काही मंडळी अजूनही तेच शिकवतात, हे मात्र खरं.

यंत्र नसलं तरी अडत नाही. चेंडू निघाला कुठे आणि वळला कुठे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर फेस लक्ष्याच्या डावीकडे होता आणि मार्ग त्याहूनही डावीकडे. सरळ निघून वळला, तर फेस ठीक होता, फक्त मार्ग सुधारायचा आहे. त्याआधी एक शंका मात्र फेडून घ्यावी. ड्रायव्हरच्या टाचेकडच्या, म्हणजे दांड्याजवळच्या, भागावर बसलेला फटका, मार्ग आणि फेस जुळलेले असतानाही, उजवीकडे वळणारी फिरकी देतो, आणि टोकाकडचा फटका उलटी. फेसवर पावडरीचा पातळ थर दिला की चेंडूचा ठसा उमटतो. इतकी स्वस्त तपासणी असताना लोक नवा ड्रायव्हर विकत घेतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ पात्याचा क्लब, मारताना वेगळाच मोह होतो: चेंडू वर उचलण्याचा. मग वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब आधी जमिनीत घुसतो किंवा चेंडूच्या डोक्याला लागतो. उचलण्याचं काम क्लबच्या लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या मागे कललेल्या तिरकेपणाचं, आहे. क्लब खाली जाता जाता चेंडूला लागला तरी तिरक्या फेसमुळे चेंडू वर निघतो, त्याला मागे फिरणारी फिरकी मिळते आणि तीच त्याला हवेत तोलून धरते. एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९०च्या दशकातच या फिरकीचं महत्त्व ओळखलं होतं. त्यांचा मुलगा फ्रेडी याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली, त्यामुळे निरीक्षणाला माणूस घरातच होता.

आता सरावाबद्दल. ड्रायव्हिंग रेंजवर एकाच क्लबने ओळीने चाळीस चेंडू मारले की शेवटचे दहा झकास जातात, आणि मैदानात गेल्यावर ते कौशल्य कुठे गायब होतं कळत नाही. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या साध्या हालचालींवर एक प्रयोग केला. एकेक हालचाल सलग गिरवणारे सरावात पुढे होते, पण नंतरच्या चाचणीत हालचालींची सरमिसळ करणारे वरचढ ठरले. गोल्फमध्ये तर ड्रायव्हरनंतर आयर्न, मग वेज (जवळून चेंडू उंच उडवणारा क्लब), मग पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवणारा क्लब) अशीच सरमिसळ असते. म्हणून रेंजवरही दर फटक्याला क्लब आणि लक्ष्य बदलावं. चेंडू कमी चांगले जातील, ते सोसावं. लक्षही हाताच्या हालचालीवर नव्हे तर क्लबच्या डोक्यावर ठेवावं. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नवख्यांना छोटे फटके शिकवले, तेव्हा क्लबकडे लक्ष देणाऱ्यांची अचूकता हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली.

वेळ कुठे घालवायचा, याबद्दलही जुना समज तपासायला हवा. सामने पटिंगवर, म्हणजे पटरच्या फटक्यांवर (पटांवर), जिंकले जातात असं म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या नोंदींचं विश्लेषण केलं, तेव्हा चांगल्या आणि सामान्य खेळाडूंच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून आलेला दिसला. आठ फुटांवरून, म्हणजे जवळपास अडीच मीटरवरून, व्यावसायिक खेळाडूंचेही निम्मे पट चुकतात. तेवढ्या अंतराचा पट हुकला म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. लांबचा पट भोकाजवळ आणून ठेवणं मात्र शिकण्यासारखं आहे, कारण एका ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) तीन पट लागतात ते तिथेच.

दिशेत एका अंशाची चूक २०० मीटरवर साडेतीन मीटर होते, आणि हौशी खेळाडूच्या चुका एका अंशावर थांबत नाहीत. त्याचे फटके पंख्यासारखे पसरतात. नेहमीचे वीस-पंचवीस फटके कुठे पडतात ते लिहून ठेवलं की या पंख्याची रुंदी आणि मध्य कळतो. पाणी उजवीकडे असेल तर नेम झेंड्यावर न धरता इतका डावीकडे धरावा, की पंख्याची उजवी कडही कोरड्या जमिनीवर पडेल.